राष्ट्रीय संस्थांमध्ये मिळालेले आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण तालुक्यापर्यंत का टिकत नाही?

पूररेषा यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार. मी महसूल विभागात जिल्हा पातळीवर काम करतो आणि आमच्या जिल्ह्याचा पुढील तीन वर्षांचा आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षण आराखडा तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आले आहे. मागचे आराखडे चाळताना एक गोष्ट सतत खटकत राहिली, म्हणून हा प्रश्न येथे मांडतो आहे.

गेल्या आठ वर्षांत मी राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरील संस्थांमध्ये चार प्रशिक्षणे घेतली. ती चारही चांगली होती, हे आधीच सांगायला हवे. पूररेषेचे नकाशे वाचायला मी तिथे शिकलो आणि आपत्तीच्या वेळी कोणी कोणाला आदेश द्यायचा, याची शिस्तही तिथेच समजली. परंतु दुसरे प्रशिक्षण संपवून परतलो त्याच महिन्यात माझी बदली भूसंपादन शाखेत झाली. माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्यांनी नियंत्रण कक्षाचा पदभार घेतला तेव्हा पावसाळ्याला तीन आठवडे उरले होते. मी त्यांना माझी टिपणांची वही दिली. ती वही सोडली, तर माझ्या प्रशिक्षणातले त्या खुर्चीत काहीच उरले नाही.

जुन्या अहवालांत प्रत्येक वर्षी ‘प्रशिक्षणार्थींची संख्या’ असा एक रकाना आहे आणि तो वाढताच आहे. मात्र ज्यांची नावे त्या रकान्यात आहेत त्यांपैकी आज किती जण त्या कामावर आहेत, हे कोठेही नोंदलेले नाही. मग क्षमता बांधणी म्हणजे नक्की कशाची बांधणी, असा प्रश्न मला पडला आहे. राष्ट्रीय संस्थांकडून जिल्ह्याने काय मागावे, जिल्ह्याने स्वतः काय करावे आणि इतर देशांनी हा पेच कसा सोडवला, यांवर अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती. माझा आराखडा पुन्हा तोच रकाना भरण्यापुरता होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

सेवानिवृत्त प्रशिक्षक यांचे उत्तर

पूररेषा, तुम्ही वापरलेला ‘खुर्ची’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रशासकीय प्रशिक्षणात वीसहून अधिक वर्षे काढल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की आपण व्यक्तींना प्रशिक्षण देतो, पण जबाबदारी मात्र पदाला चिकटलेली असते, आणि बदलीच्या एका आदेशाने या दोहोंची ताटातूट होते.

आपल्याकडच्या संस्था कशा घडल्या हे पाहिले, तर त्यांच्याकडे काय मागायचे हे ठरवणे सोपे जाईल. संयुक्त राष्ट्रांनी १९९० ते १९९९ हे नैसर्गिक आपत्ती न्यूनीकरणाचे दशक म्हणून जाहीर केले, तेव्हा आपल्याकडे हा विषय केंद्रीय कृषी मंत्रालयाकडे होता, कारण आपत्ती म्हणजे प्रामुख्याने दुष्काळ आणि त्यावरचा उपाय म्हणजे मदतवाटप, अशी समजूत होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. १९९५ मध्ये दिल्लीतील भारतीय लोकप्रशासन संस्थेत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन केंद्र सुरू झाले. त्यानंतर १९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ आणि २००१ चा भूजचा भूकंप आला, विषय गृह मंत्रालयाकडे गेला, आणि २००३ मध्ये त्याच केंद्राचे रूपांतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेत झाले. २००४ च्या त्सुनामीनंतर, २००५ मध्ये, आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला आणि त्याच्या कलम ४२ ने या संस्थेला वैधानिक दर्जा दिला. बहुतेक प्रत्येक पाऊल एखाद्या मोठ्या हानीनंतर पडलेले आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. कलम ४२ नुसार राष्ट्रीय संस्थेने प्रशिक्षण साहित्य तयार करावे, संशोधन आणि दस्तऐवजीकरण करावे आणि मनुष्यबळ विकासाचा सर्वंकष आराखडा आखून तो अमलात आणावा. त्याच कायद्याचे कलम ४१ मात्र स्थानिक प्राधिकरणांवर, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका, पंचायत यांच्यावर, आपले अधिकारी आणि कर्मचारी प्रशिक्षित असल्याची खात्री करण्याचे कर्तव्य टाकते. याचा अर्थ दिल्लीतील संस्थेने देशातील प्रत्येक ग्रामसेवकाला शिकवावे, अशी कायद्याची रचनाच नाही. वरच्या संस्थेने अभ्यासक्रम, प्रशिक्षक आणि मानके घडवायची, राज्यांच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थांनी ती आपल्या भूगोलाला आणि भाषेला जुळवून घ्यायची, आणि शेवटच्या कर्मचाऱ्याला तयार करण्याची जबाबदारी जिल्ह्याने व स्थानिक संस्थेने उचलायची, असा तो क्रम आहे. प्रत्यक्षात आपण मधली पायरी अर्धवट चढतो आणि शेवटची गाळून टाकतो.

नामनिर्देशनाची पद्धत तर तुम्हाला ठाऊकच असेल. संस्थेचे पत्र येते, मुदत संपत आलेली असते, आणि त्या आठवड्यात ज्याच्यावाचून कार्यालयाचे अडणार नाही त्याचे नाव कळवले जाते. अशी माणसे वर्गात मन लावून शिकतात, याचा मला अनेकदा अनुभव आहे, परंतु परत गेल्यावर त्यांच्या हाती त्या विषयातला कोणताच निर्णय नसतो.

शेवटच्या पायरीवर मी इतका भर का देतो, याचे कारण माळीण गावाची दुर्घटना आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या आज १६ बटालियन आहेत आणि त्यांचे कौशल्य वादातीत आहे. तरीही ३० जुलै २०१४ रोजी माळीण दरडीखाली गेले, तेव्हा गाव जागेवर नाही हे प्रथम लक्षात आले ते त्या मार्गावरच्या एसटीच्या चालकाच्या. दीडशेहून अधिक माणसे त्या दरडीखाली गेली. डोंगराला भेगा पडणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, झाडे आणि खांब कलणे ही दरडीची पूर्वलक्षणे ज्यांना ओळखता यायला हवीत, ती माणसे कोणत्याही राष्ट्रीय संस्थेच्या वर्गात बसलेली नसतात. त्यांच्यापर्यंत हे ज्ञान नेणारा तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक किंवा आशा कार्यकर्ती तरी त्या साखळीत आहे का, हे तुमच्या आराखड्याने पाहावे.

माझी पहिली सूचना अशी की प्रशिक्षणार्थींची यादी नावांची न करता पदांची करावी. जिल्ह्यातील कोणती पंचवीस-तीस पदे आपत्तीच्या पहिल्या सहा तासांत निर्णय घेतात ते ठरवा, आणि त्या पदावर येणाऱ्या प्रत्येकाला पदभार घेतल्यापासून ठरावीक दिवसांत किमान प्रशिक्षण मिळेल असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश काढून घ्या. पदभार हस्तांतरणाच्या कागदपत्रांत आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र टिपणी सक्तीची करा. तुम्ही स्वतःहून दिलेली वही हे त्याचेच अनौपचारिक रूप होते.

ओळंबा यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यात एक उणीव दिसते. ही सगळी चर्चा आपत्ती आल्यानंतरच्या सहा तासांची चालली आहे. मी बांधकाम अभियंता आहे आणि माझ्या दृष्टीने जोखीम कमी होते ती त्याआधीच्या वीस वर्षांत.

किल्लारीचेच उदाहरण घ्या. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीचे जड माळवद (छत), अशी ती घरे होती. ६.२ तीव्रतेचा भूकंप जगाच्या हिशेबात फार मोठा गणला जात नाही, परंतु त्या घरांमुळे हजारो माणसे झोपेत दगावली. त्या काळच्या भूकंप नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात दाखवलेला होता. २००२ च्या सुधारणेत नकाशा बदलला. पण नकाशा बदलल्याने गवंड्याचा हात बदलत नाही, आणि आपल्या गावांतील घरे अभियंता नव्हे तर गवंडी बांधतो.

भूजनंतर, २००३ मध्ये, भूकंप अभियांत्रिकी शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि आयआयटींनी देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शिक्षकांना प्रशिक्षण दिले. मला हा विचार फार योग्य वाटतो, कारण एक शिक्षक तयार झाला की त्याच्या हाताखालून तीस वर्षे विद्यार्थी बाहेर पडत राहतात आणि त्याच्या ज्ञानाला बदलीचा धोका नसतो. आयआयटी कानपूरमधील भूकंप अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय माहिती केंद्रानेही सोप्या भाषेतील साहित्य मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून दिले आहे. आपल्या जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षण आराखड्यात सहसा नसतात. ती घ्यावीत.

शेजारच्या नेपाळमध्ये यापुढचे पाऊल पडले होते. तेथील एका भूकंप तंत्रज्ञान संस्थेने शाळांच्या इमारतींचे बळकटीकरण हाती घेतले आणि ते काम करता करताच स्थानिक गवंड्यांना प्रशिक्षण दिले. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे ९ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण बळकटीकरण झालेल्या शाळा उभ्या राहिल्या. त्या गवंड्यांनी लिंटेल (दार-खिडकीवरची तुळई) पातळीवरची सलग पट्टी, कोपऱ्यांतील उभ्या सळ्या आणि सळ्यांना वेढणाऱ्या कड्यांची १३५ अंशांत वळवलेली टोके या गोष्टी एखाद्या सभागृहात नव्हे, तर भिंतीपाशी उभे राहून शिकल्या. ज्या कौशल्याचा उपयोग हाताने व्हायचा आहे, ते पडद्यावरच्या चित्रांनी शिकवता येत नाही. मी स्वतः दोन दिवसांचे असे एक वर्गातले प्रशिक्षण गवंड्यांना देऊन पाहिले आहे. सर्वांनी माना डोलावल्या आणि पुढच्या महिन्यात त्याच गावात कडी पुन्हा ९० अंशांत वळवलेली दिसली. ती चूक गवंड्यांची नव्हती, माझ्या पद्धतीची होती.

तेव्हा पूररेषा, तुमच्या पदांच्या यादीत नगर रचनाकार, बांधकाम परवानगी देणारा अभियंता आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा शाखा अभियंता यांना तहसीलदारांइतकेच स्थान असावे. पूररेषेच्या आत दिलेली एक परवानगी पुढे दहा बोटींचे काम वाढवून ठेवते.

शब्दार्थ यांचे उत्तर

मी प्रशिक्षण साहित्याच्या अनुवादाचे काम करते, म्हणून फक्त भाषेविषयी लिहिते. राष्ट्रीय संस्थांचे साहित्य मुख्यतः इंग्रजीत तयार होते आणि राज्यात येताना त्याचे घाईने मराठीकरण होते. या शास्त्राचा सारा पाया हॅझार्ड, व्हल्नरेबिलिटी आणि रिस्क या तीन कल्पनांतील फरकावर उभा आहे. मी तपासलेल्या पुस्तिकांपैकी कित्येकींत पहिल्या आणि तिसऱ्या कल्पनेसाठी ‘धोका’ हाच शब्द आलेला आहे. मग नदीला येणारा पूर हा धोका, आणि त्या पुरात कोणाचे किती नुकसान होऊ शकेल हाही धोकाच. वाचणाऱ्याला वाटते की पूर थांबवता येत नाही, तेव्हा आपल्या हाती काही नाही. वास्तविक नैसर्गिक घटनेला ‘संकट’ किंवा ‘धोका’ म्हणावे आणि नुकसानीच्या शक्यतेला नेमाने ‘जोखीम’ म्हणावे, म्हणजे जोखीम कमी करता येते हे वाक्य अर्थपूर्ण होते. मधल्या कल्पनेसाठी, म्हणजे कोणाला किती सहज इजा होऊ शकते यासाठी, आपण ‘पूरप्रवण’, ‘दरडप्रवण’ असे शब्द वापरतो. ते जागेचे वर्णन करतात, माणसांचे नाही. त्याच दरडप्रवण वस्तीतील एकटी राहणारी वृद्ध स्त्री आणि तिचा तरुण शेजारी यांची असुरक्षितता सारखी नसते, हे ‘प्रवण’ या शब्दाने कधीच कळत नाही.

हा केवळ व्याकरणाचा आग्रह नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपाइन्समध्ये हैयान चक्रीवादळ येण्यापूर्वी ‘स्टॉर्म सर्ज’चा इशारा दिला गेला होता, परंतु टॅक्लोबान शहर आणि परिसरातील अनेकांना त्या शब्दांचा अर्थच समजला नाही. वाऱ्याने ढकललेले समुद्राचे पाणी त्सुनामीसारखे घरांत शिरेल, असे सांगितले असते तर आम्ही निघालो असतो, असे वादळातून बचावलेल्या लोकांनी नंतर सांगितले. त्या वादळात ६ हजारांहून अधिक माणसे गेली. इशारा वेळेत देणे आणि तो कळणे यांमधले अंतर भरून काढणे हेही प्रशिक्षणाचेच काम आहे, आणि ते लोकांच्या भाषेतच होऊ शकते.

पूररेषा यांची पुरवणी

तिघांचेही मनापासून आभार. पदांची यादी करायला मी कालच सुरुवात केली आणि ओळंबा यांच्या सूचनेनुसार त्यात बांधकाम परवानगीशी संबंधित पदे घेतली. एक शंका मात्र उरते. जिल्ह्यात दरवर्षी रंगीत तालीम होते. तारीख महिनाभर आधी ठरते, रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाड्या सकाळपासूनच मैदानाच्या बाजूला उभ्या असतात, पाहुण्यांसाठी मंडप असतो, आणि सर्व काही वेळेत पार पडते. अशा तालमीतून शिकायला काय मिळते? इतर देशांत त्या कशा होतात?

उधाण यांचे उत्तर

इतर देशांचा विषय निघाला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपत्ती व्यवस्थापनाच्या तौलनिक अभ्यासात मी काही वर्षे घालवली आहेत.

मेक्सिकोमध्ये १९ सप्टेंबर १९८५ रोजी विनाशकारी भूकंप झाला. त्यानंतर १९८८ मध्ये, जपानच्या तांत्रिक साहाय्याने, तेथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिबंध केंद्र स्थापन झाले, ज्याचा संक्षेप सेनाप्रेड असा आहे. संशोधन, धोक्यांचे सततचे निरीक्षण आणि प्रशिक्षण ही तिन्ही कामे एका छताखाली असणे हे या केंद्राचे वैशिष्ट्य आहे, त्यामुळे ज्वालामुखीवर नजर ठेवणारे शास्त्रज्ञ आणि नागरी संरक्षणाचे प्रशिक्षक एकमेकांपासून दूर राहत नाहीत. १९८५ च्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी १९ सप्टेंबरला मोठी तालीम घेतली जाते. २०१७ साली सकाळी ११ वाजता ही तालीम झाली आणि दुपारी सव्वाच्या सुमारास ७.१ तीव्रतेचा खरा भूकंप आला. २०२२ मध्येही त्याच तारखेला, तालीम होऊन तासही उलटला नसताना, जमीन हादरली. लोकांना बाहेर पडण्याची वाट अंगवळणी पडलेली होती. परंतु २०१७ मध्ये इमारती कोसळून शेकडो माणसे गेलीच, कारण सदोष इमारतीत तालीम कितीही चांगली झाली तरी ती इमारत सुधारत नाही. ओळंबा यांचा मुद्दा इथे पुन्हा येऊन भेटतो.

जपानमध्ये तालमीची परंपरा जुनी आहे. १९२३ च्या कांतो भूकंपाच्या स्मृतीसाठी १ सप्टेंबर हा आपत्ती प्रतिबंध दिन पाळला जातो. १९५९ च्या इसे उपसागरातील वादळात ५ हजार जण मृत्युमुखी पडल्यावर १९६१ मध्ये तेथे आपत्ती प्रतिकाराचा मूलभूत कायदा झाला. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर राष्ट्रीय शासनाच्या साहाय्याने २००२ मध्ये कोबे येथे उभी राहिलेली संस्था संग्रहालयही आहे आणि स्थानिक प्रशासनातील अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण केंद्रही. भूकंपातून वाचलेली माणसे तेथे येणाऱ्यांना आपले अनुभव सांगतात. शिकवणाऱ्यांत ज्यांनी ते सोसले त्यांचाही समावेश असणे, ही मला त्या संस्थेची सर्वांत अनुकरणीय बाब वाटते.

मात्र जपानचे खरे शिक्षण ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीत सापडलेल्या दोन ठिकाणच्या शाळांत आहे. कामाइशी शहरात मुलांना अनेक वर्षे शिकवले गेले होते की नकाशावरच्या रेषेवर विसंबू नका, त्या परिस्थितीत शक्य तेवढे सगळे करा आणि इतरांची वाट न पाहता आधी स्वतः निघा. तेथील उनोसुमाई भागातील मोठी मुले धाकट्यांचे हात धरून टेकडीकडे धावली, ठरलेली पहिली जागा अपुरी वाटताच आणखी वर गेली, आणि वाचली. धोक्याच्या नकाशात त्यांच्या शाळा सुरक्षित दाखवलेल्या होत्या. याउलट इशिनोमाकी येथील ओकावा प्राथमिक शाळेत मुले जवळजवळ पन्नास मिनिटे मैदानात थांबली. कोठे जायचे हे ठरलेले नव्हते, आणि शाळेमागची टेकडी अगदी जवळ असूनही १०८ पैकी ७४ मुले त्सुनामीत दगावली. पालकांनी न्यायालयात दाद मागितली. आपत्तीपूर्व तयारी पुरेशी नव्हती, ही शिक्षण मंडळाची आणि शाळेची हयगय आहे, असा निर्णय उच्च न्यायालयाने दिला आणि २०१९ मध्ये तो कायम झाला. तालमीत काय ठरलेले असावे आणि काय मुद्दाम मोकळे ठेवावे, हे या दोन शाळा शेजारी ठेवून पाहिले की समजते. जायची दिशा ठरलेली असावी. ती दिशा चुकीची निघाली तर बदलण्याची मुभा मुलांनासुद्धा असावी.

बांगलादेशाने वेगळा मार्ग घेतला. १९७० च्या चक्रीवादळात ३ लाखांहून अधिक माणसे गेल्यावर शासन आणि रेड क्रेसेंट ही मदत संस्था यांनी मिळून चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा केला. आज त्यात सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. १९९१ च्या वादळात १ लाख ३८ हजार माणसे दगावली, तर २००७ च्या सिडर चक्रीवादळात तो आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. आश्रयस्थाने आणि सुधारलेले अंदाज यांचाही त्यात मोठा वाटा आहे, हे खरे. पण अंदाज दारापर्यंत नेणारा स्वयंसेवक त्याच गावचा असतो, त्याची बदली होत नाही, आणि म्हणून त्याचे प्रशिक्षण तिथेच साचत जाते. आपल्याकडील आपदा मित्र योजनेचा गाभाही हाच आहे. ३५० आपत्तीप्रवण जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक तयार करण्याचे उद्दिष्ट घेऊन ही योजना विस्तारली, आणि प्रत्येकासाठी बारा दिवसांचे प्रशिक्षण ठेवले गेले. जिल्ह्याने या स्वयंसेवकांना वर्षातून एकदा तरी उजळणीसाठी बोलावले नाही, तर दोरीच्या गाठी आणि छातीदाब पुनरुज्जीवनाची (सीपीआर) पद्धत दोन वर्षांत विसरायला होते.

सेवानिवृत्त प्रशिक्षक यांचे दुसरे उत्तर

तालमीबद्दल माझा अनुभव सांगतो. तारीख जाहीर करा, पण घटना गुप्त ठेवा. ठरलेल्या सकाळी नियंत्रण कक्षाला एक बंद पाकीट द्या आणि त्यात दूरध्वनी मनोरा बंद पडला आहे, तालुक्याकडे जाणारा मुख्य पूल पाण्याखाली आहे आणि ज्या अधिकाऱ्यांकडे बोटींची यादी आहे ते रजेवर आहेत, असे लिहा. मग तीन तास काय होते ते एका निरीक्षकाने फक्त लिहून काढावे. यासाठी एकही गाडी बाहेर काढावी लागत नाही. टेबलावर होणाऱ्या अशा तालमीत जेवढ्या उणिवा दिसतात तेवढ्या मैदानावरच्या तालमीत दिसत नाहीत. मात्र निष्कर्षांसाठी कोणाला कारणे दाखवा नोटीस दिली जाणार नाही, हे आधीच लेखी सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी निरीक्षकाच्या वहीत सारे काही उत्तमच लिहिलेले आढळेल.

पाण्यातील कौशल्याची परीक्षा मात्र पाण्यातच घ्यावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून लोकांचे प्राण गेले. बोटीत किती जण घ्यायचे आणि जीवरक्षक जॅकेटाशिवाय कोणालाही चढू द्यायचे नाही, हे काठावरच्या आर्त गर्दीसमोर ठामपणे सांगता येणे हेसुद्धा शिकवावे लागते.

मोजमापाविषयीही विचारले होते. प्रशिक्षणार्थींची संख्या काढून टाकू नका, पण तिच्या शेजारी तीन रकाने वाढवा. ठरवलेल्या पदांपैकी आज किती पदांवर प्रशिक्षित व्यक्ती आहे, मागच्या तालमीत आढळलेल्या उणिवांपैकी किती दूर झाल्या, आणि इशारा मिळाल्यापासून शेवटच्या वस्तीपर्यंत तो पोहोचायला किती मिनिटे लागली. हे तिन्ही आकडे सुरुवातीला लाजिरवाणे येतील. येऊ द्यावेत.

पैशाची अडचण सांगितली जाईल, म्हणून एक बाब ध्यानात ठेवा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीची रक्कम १,६०,१५३ कोटी रुपये सुचवली, आणि तिचे भाग पाडताना २० टक्के उपशमनासाठी (जोखीम आधीच कमी करण्यासाठी) व १० टक्के पूर्वतयारी आणि क्षमता बांधणीसाठी ठेवले. मदतवाटपाच्या रकमेत प्रशिक्षणाचा खर्च विरून जाऊ नये, यासाठी त्या काळाकरिता हा वेगळा कप्पा आखला गेला. असा कप्पा असेल, तर जिल्ह्याकडून गेलेल्या नेमक्या प्रस्तावाला आधार मिळतो.

पूररेषा यांची अखेरची नोंद

तीन रकाने आणि पदांची यादी मसुद्यात घातली. सध्या यादीत ३१ पदे झाली आहेत आणि त्यांपैकी प्रशिक्षित व्यक्ती फक्त ७ पदांवर आहे. हा आकडा मी आराखड्याच्या पहिल्याच पानावर ठेवला आहे. बंद पाकिटाच्या तालमीसाठी जिल्हाधिकारी महोदयांकडे मेच्या दुसऱ्या आठवड्याची परवानगी मागितली आहे. शब्दार्थ यांना विनंती आहे की गावपातळीवरच्या चार पानी पुस्तिकेचा मसुदा मी येथेच टाकतो, त्यातील ‘धोका’ आणि ‘जोखीम’ कृपया तपासून द्यावेत.

शब्दार्थ यांचे उत्तर

जरूर टाका. शक्य असल्यास छापण्यापूर्वी ती पुस्तिका गावातील दोन-तीन माणसांकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे ते अडखळतील ती वाक्ये खूण करून पाठवा, मी आधी तीच पाहीन.